‘आम्ही केलं’ असं लिहिलंस, तिथेच अडलं

प्रिय स.,

१४ महिने अमेरिकेत ऑस्टिनच्या ऑफिसात मान मोडून काम केलंस, पुण्याच्या टीमसाठी रात्री जागलीस, आणि वार्षिक आढाव्यात मॅनेजरने लिहिलं, ‘हिचं स्वतःचं योगदान दिसत नाही.’ ‘ताई, आपल्याच तोंडाने आपली स्तुती कशी करू?’ असं तू विचारतेस.

तुला लागलं, ते साहजिक आहे. पण मॅनेजरच्या मनात आकस आहे, असं मला वाटत नाही. तू पाठवलेल्या स्वमूल्यमापनात ‘आम्ही’ अकरा वेळा आलंय, ‘मी’ एकदाही नाही. आपल्याकडचा साहेब मागे उभा राहून बघतो, कोण उशिरापर्यंत बसलं ते त्याला ठाऊक असतं. तिथला मॅनेजर काम सोपवून बाजूला होतो, आणि यालाच तो विश्वास म्हणतो. मग काय झालं ते सांगायचं काम तुझ्याकडे येतं. हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० साली देशांना व्यक्तिवादाचे, म्हणजे ‘आम्ही’आधी ‘मी’ येण्याचे, गुण दिले होते. अमेरिका ९१ गुणांनी पहिली, भारत ४८ वर. तू या दोन आकड्यांच्या मधे अडकली आहेस गं.

‘बिलिंगमधली चूक मी शोधली’ ही बढाई नाही, माहिती आहे. पुढे लिही, ‘दुरुस्ती पुण्याच्या अमक्याने केली.’ तुझ्या त्या ‘आम्ही’त त्यांचीही नावं बुडाली, हे तुझ्या लक्षात आलंय का? मला तेच जास्त खटकलं.

दर आठवड्याच्या वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे तुम्हा दोघांच्याच भेटीत, मॅनेजर विचारेल म्हणून तू गप्प बसतेस. तो अर्धा तास तुझा आहे, विषय तू न्यायचे. आणि ‘यू माइट वॉन्ट टू’ने सुरू होणारं वाक्य नुसतं सुचवणं समजू नकोस, बहुतेकदा ते काम सांगणंच असतं.

नोकरीची भीती खोटी नाही. अमेरिकेत माँटाना सोडून बाकी राज्यांत, करारात वेगळं नसेल तर, कारण न देताही काढता येतं. भेदभाव वगैरे करून मात्र नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हाती जास्तीत जास्त ६० दिवस. म्हणून दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळींची मेल टाक: काय केलं, काय अडलं.

या आठवड्याच्या भेटीला जाताना तीन वाक्यं कागदावर लिहून ने, तिन्ही ‘मी’ने सुरू होणारी. पहिल्याला जीभ अडखळेल. तरी म्हण, आणि मला कळव.

तुझी,
ताई