गोळ्या पिवळ्या पडतायत, फिलर कुठला घेऊ?

प्रश्न: मी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला अॅम्लोडिपिन बेसिलेटच्या (रक्तदाबाचं औषध) ५ मिग्रॅच्या गोळ्या करतेय. एका गोळीचं वजन २०० मिग्रॅ. फिलर (गोळीचं आकारमान भरून काढणारा पदार्थ) म्हणून लॅक्टोज घेतलं. गोळ्या मस्त पडल्या, पण ४० डिग्रीला दमट चेंबरमध्ये ठेवल्यावर पिवळट व्हायला लागल्या. सर म्हणतात एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) घे, मैत्रीण म्हणते डायकॅल्शियम फॉस्फेट. काय करू?

उत्तर: चूक तुमच्या हाताची नाहीये, जोडी चुकलीय. अॅम्लोडिपिनमध्ये प्रायमरी अमाइन (नायट्रोजनचा गट) आहे आणि लॅक्टोज ही रिड्यूसिंग साखर, म्हणजे अशा गटाशी जोडली जाणारी, दोघं ओल आणि उष्णतेत एकत्र आले की मेयार्ड रिअॅक्शन होते, तोच हा पिवळेपणा, आणि मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ते) अल्कलाइन असल्यामुळे ती आणखी जोर धरते. म्हणजे नुसता रंग बदलत नाहीये, औषधच कमी होतंय. फिलर म्हणजे नुसती भरती असं कृपया समजू नका, ५ मिग्रॅ अॅम्लोडिपिनसाठी बेसिलेट (त्याचा क्षार) साधारण ७ मिग्रॅ लागतं, बाकी जवळजवळ सगळी गोळी फिलरचीच की!

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या (फिट्सचं औषध) कॅप्सूलमधलं फिलर, कॅल्शियम सल्फेट काढून लॅक्टोज घातलं, डोस तोच, पण औषध रक्तात जास्त जायला लागलं आणि पेशंटना विषबाधा झाली. मला हे उदाहरण कायम आठवतं.

आता तुमचं. सर आणि मैत्रीण दोघंही बरोबर आहेत, दोन्ही मिसळून घ्या. चिमटीत दाबून बघा, एमसीसी मऊ लागतं, दाबलं की दबून चिकटून बसतं, म्हणून गोळी घट्ट होते. फॉस्फेट वाळूसारखं कचकचतं, दाबाखाली फुटतं, पण वजनदार असल्यामुळे हॉपरमधून (मशीनच्या नरसाळ्यातून) छान वाहतं. नुसतं एमसीसी घेतलं आणि स्टिअरेट घालून जास्त वेळ फिरवलं तर गोळ्या मऊ पडतात, म्हणून स्टिअरेट शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटांत थांबा. फॉस्फेट मात्र फुटून नवे पृष्ठभाग काढत राहतं, त्याला एवढा फरक पडत नाही. निर्जल फॉस्फेटच घ्या, डायहायड्रेटमधलं पाणी गरम झाल्यावर सुटू शकतं. डायरेक्ट कम्प्रेशन (आधी दाणे न करता पावडरच थेट दाबणं) करत असाल तर एमसीसी १०२ ग्रेड, कण साधारण १०० मायक्रॉनचे, १०१ चे त्याच्या निम्मे, ते एवढं नीट वाहत नाही.

(टेट्रासायक्लिन असतं तर कॅल्शियमला हातही लावू नका म्हटलं असतं, ते कॅल्शियमला धरून बसतं आणि शरीरात शोषलं जात नाही. चघळायची गोळी असती तर मॅनिटॉल, तोंडात गार लागतं आणि रिड्यूसिंगही नाही.)

औषध कमी आणि फिलर भरपूर, तेव्हा एकदम ओतू नका, औषधाइतकंच फिलर घालून मिसळा, मग तेवढंच आणखी, असं दुप्पट दुप्पट करत जा, नाहीतर एका गोळीत ३ आणि दुसरीत ७ मिग्रॅ निघेल.

आणि पुढच्या वेळी गोळ्या पाडायच्या आधी छोट्या बाटल्यांत औषध आणि एकेक फिलर निम्मं निम्मं घालून थोडं पाणी टाका, ५० डिग्रीला दोन-तीन आठवडे ठेवा, शेजारी नुसत्या औषधाची बाटली. रंग बघा आणि अॅसेही (औषध किती उरलंय त्याची मोजणी) करा, कारण रंग न बदलताही औषध कमी झालेलं असू शकतं.