आपल्या शंका : दव, तुषार आणि डिझेल

प्रश्न : महाबळेश्वरात पारा ७ अंशांवर असल्याची बातमी येते आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाकाठी दव गोठलेलं असतं. दोन्ही खरं कसं? मग बर्फ का पडत नाही? (वाचक, मेढा)

उत्तर : दोन्ही खरं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नव्हे. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री गवत, पानं, गाड्यांचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा चार-पाच अंशांनी थंड होतात. त्यात थंड हवा जड. ती उतारावरून ओघळत वेण्णा-लिंगमळ्याच्या खोलगट भागात साचते, म्हणून बाजारपेठेत ७ आणि तळ्याकाठी शून्य. ढग आले किंवा वारा सुटला की सगळं फिसकटतं.

बर्फ पडायला मुळात ढग हवेत, आणि ढगापासून जमिनीजवळपर्यंतची हवा शून्याच्या आसपास हवी. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. पाऊस कोसळतो जून ते सप्टेंबर, थंडीत आभाळ कोरडं. हिमाचलातल्या लाहौलचं गणित उलटं. तिथलं केलाँग गाव ३,००० मीटरच्या वर, पीर पंजाल डोंगररांगेच्या आडोशाला. तिथे पावसाळा जेमतेम, पण पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, ऐन थंडीत ओल आणतात. ‘महाबळेश्वरात बर्फवृष्टी’ हे मथळे म्हणून निव्वळ फसवे.

प्रश्न : हिमकणांपासून स्ट्रॉबेरीची फुलं वाचवायला पालापाचोळ्याचा धूर करावा का? (वाचक, भिलार)

उत्तर : धूर उष्णता फारशी अडवत नाही, उलट सकाळचं ऊन अडवतो. उमललेलं फूल उणे १ अंशाच्या आसपास दगावतं. पाकळ्या पांढऱ्याच राहतात, मधला भाग काळा पडतो. सूर्यास्ताआधी कमानींवर क्रॉप कव्हर (पीक झाकायचं पातळ कापड) ओढा, कडा मातीने दाबा, कापड फुलांना टेकू देऊ नका. उन्हं वर आली की काढा, नाहीतर मधमाश्या फिरकणार नाहीत.

तुषार सिंचनही चालतं, पण अर्धवट केलं तर घात. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता देतं, तेवढंच पाणी बाष्प होताना सुमारे २,५०० घेतं. म्हणजे पाणी मध्येच थांबलं तर बाष्पीभवनाने ओलं फूल उलट आणखी गारठतं. त्यामुळे रोपाच्या उंचीवर १-२ अंश दिसताच पाणी सुरू करा आणि उन्हाने बर्फ वितळेपर्यंत थांबू नका. तासाला ३ मिलिमीटर धरलं तरी एकराला दर तासाला सुमारे १२,००० लिटर लागतं. विहिरीत तेवढं नसेल किंवा रात्रीच्या विजेचा भरवसा नसेल तर या वाटेला जाऊच नका. वाऱ्याच्या रात्रीही नको. ठिबकने हे काम होत नाही.

प्रश्न : जानेवारीत डिझेल गाडीने केलाँगला जायचंय. काय तयारी करावी? (वाचक, मिरज)

उत्तर : सांगली-मिरजेकडचं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका, त्यातलं मेण थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. टाकी रिकामी होत आली की उत्तरेतच भरा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर गोठून फुगेल आणि फोडेल. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं ठेवा. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.