वेर्ण्यातली नोकरी गेली, वय 38. दीड लाखाचा कोर्स करून क्षेत्र बदलावं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत नऊ वर्षं पॅकिंग सुपरवायझर, लाइन बंद पडली म्हणून कामावरून कमी केलं, घर वाळपईला, शिक्षण बीएस्सी. आता दीड लाख भरून डिजिटल मार्केटिंग शिकायचा विचार आहे. माझ्या मते आत्ता नको. आधी पैशाचा हिशेब, मग हातातल्या कामाचा. कोर्सचं नंतर बघू.

राजीनामा लिहून दिला नसेल तर देऊ नका. ‘रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल’ असं गोड बोलून तो मागितला जातो आणि तिथेच नुकसान होतं. कपातीत गेलेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. राजीनामा दिला की हा हक्क बुडतो. सुपरवायझर कामगारात मोडतो का, यावर कंपनी वाद घालेल. तिथे हुद्द्याबरोबर प्रत्यक्ष काम आणि पगारही बघतात, म्हणून नेमणूकपत्र आणि पगारपावत्या घेऊन पणजीला पाट्टोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात विचारून या. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून 18,000 असेल तर 18,000 × 15 ÷ 26 × 9, म्हणजे सुमारे 93,460 रुपये. ती 30 दिवसांत द्यायची असते.

पीएफबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या सेवेवर मिळतो आणि तुमची नऊ झालीत. घाईत 10सी फॉर्म भरून पेन्शनची रक्कम उचललीत तर ती नऊ वर्षं गेली. नव्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, तेव्हा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड चालू आहे का ते याच आठवड्यात बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर चार लाख.

मग हाताशी असलेली रक्कम महिन्याच्या टाळता न येणाऱ्या खर्चाने भागा: हप्ते, वाणसामान, शाळा, आईवडिलांची औषधं. जे महिने येतील त्यातले दोन वजा करा. उरलेत तेवढ्याच महिन्यांत निर्णय बसवायचा. पाच महिने निघाले तर सहा महिन्यांचा कोर्स आपोआप बाद.

आता काम. बायोडेटात नुसतं ‘पॅकिंग’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला खोके चिकटवणारा माणूस दिसेल. तुम्ही लाइन क्लिअरन्स देता, म्हणजे आधीच्या बॅचचं एकही फॉइल, कार्टन की पत्रक लाइनवर उरलं नाही हे बघून सही करता. स्टोअरमधून 50,000 कार्टन आले, 49,620 लागले, 300 फाडून टाकले, तर बाकीचे 80 कुठे गेले याचं उत्तर पाळी संपायच्या आत शोधता. ऑडिटर समोर बसलेला असताना रेकॉर्ड काढून दाखवता. हे सगळं लिहा, आणि पाळीला हाताखाली किती माणसं होती तेही.

या शिस्तीला औषधांच्या बाहेरही गिऱ्हाईक आहे: अन्नप्रक्रिया कारखाने, दारूची बॉटलिंग, औषधांची गोदामं, मोठ्या हॉटेलांचं स्टोअर. अन्नधंद्यात दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक लागतो आणि त्याचं प्रशिक्षण दिवसा-दोन दिवसांचं असतं. माझं झुकतं माप इकडेच आहे. शिवाय वाळपईहून होंड्याची औद्योगिक वसाहत जवळ, कुंडईचीही वेर्ण्यापेक्षा बरी. पगार तीनेक हजारांनी कमी असला तरी बसमधले वाचलेले तास धरून तुलना करा.

डिजिटल मार्केटिंग मनातून जातच नसेल तर फी न भरता तपासा. ओळखीतल्या कुणाच्या होमस्टेचं पान महिनाभर फुकट चालवा. स्वतःचे तीन हजार जाहिरातीत घाला आणि किती फोन आले, किती बुकिंगं झाली ते वहीत मांडा. संस्थेकडे मागच्या बॅचच्या दहा मुलांचे नंबर मागा, आणि तेही दहा त्यांनी निवडलेले नकोत, हजेरीपटावरचे ओळीने. टाळाटाळ झाली की समजा.

पर्यटनात नोकरी धरायची तर हॉटेलांत चौकशी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास करा, कारण भरती ऑक्टोबरच्या हंगामाआधी होते. स्वतःचे पैसे घालून किनाऱ्यावरच्या शॅक (हंगामी उपाहारगृह) किंवा टॅक्सीच्या भागीदारीत मात्र पडू नका. पावसाळ्याचे चार महिने हप्ता कुठून द्यायचा, याचं उत्तर भागीदाराकडेही नसतं. तारवावर, म्हणजे जहाजावर, जायचा कुणी सल्ला देईल. भरती करणाऱ्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना नौवहन महासंचालनालयाच्या यादीत शोधा. जहाजावरच्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला अशा एजंटाला मनाईच आहे.

धंदाच करायचा असेल तर पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. खुल्या गटाला ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान, स्वतःचे 10 टक्के. पण ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून असतं आणि हप्ता आधीच सुरू होतो. ग्रॅच्युइटीतले निम्मे पैसे बाजूला राहत नसतील तर अर्जच करू नका.

गोवा सरकारच्या जागांसाठी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड आणि 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला तयार ठेवा. कोकणी आवश्यक असते, मराठी येणं ही जमेची बाजू धरतात. आपल्यातले बरेच जण बोलतात छान आणि लिहिताना अडतात, तेव्हा लिहायचा सराव करा. अर्ज टाका, पण निकालाची वाट बघत होंड्याची मुलाखत सोडू नका.