प्रश्न तुमचे: पावडर कोटिंग की इपॉक्सी?

प्रश्न : जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन पूर्ण उतरवलं आहे. लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतात ती चौकट), स्टॅबिलायझर बार सगळ्यांवर गंज आहे, पण पत्रा कुठे सडलेला नाही. काही जण पावडर कोटिंग सुचवतात, काही जण इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन रंग). पुन्हा खोलावं लागू नये, एवढीच इच्छा आहे. यात सगळ्यात टिकाऊ काय?

उत्तर : खोलावं तर लागणारच. सांध्यांतले रबरी बुश झिजतात, बॉल जॉइंट ढिले होतात, आणि त्या वेळी आर्म प्रेसखाली जाणार, हातोडा खाणार. शिवाय रोज चाकांनी उडवलेली खडी आहेच. त्यामुळे रंग निवडताना मी एकच बघतो : टवका उडाल्यावर तो घरच्या घरी नीट करता येतो का?

पावडरला, म्हणजे कोरडी रंगपूड फवारून भट्टीत वितळवून बसवण्याला, माझा विरोध नाही. नीट झालेलं काम देखणं दिसतं, थर साधारण 60 ते 120 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) बसतो आणि ओरखड्यांना दाद देत नाही. पण एका जागी चीर पडली आणि खालची तयारी कच्ची असली, की पाणी थराखालून सरकत जातं. वरून चकचकीत, आतून गंज. मग एक दिवस नख लावलं की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा अख्खा पापुद्रा हातात येतो. तेवढ्याच जागेवर पुन्हा पावडर मारता येत नाही. भाग उतरवा, सगळं खरवडा, पुन्हा भट्टीत घाला. भट्टीचं तापमान 180 ते 200 अंश सेल्सियस असतं, म्हणजे रबरी बुश आणि बॉल जॉइंट आधी काढावेच लागतात. शॉक ॲब्सॉर्बर तर कधीच भट्टीत देऊ नका. आत तेल असतं आणि बहुतेकांत दाबाखालचा वायूही.

म्हणून आर्म आणि सबफ्रेमसाठी माझं मत टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पीयू, असं आहे. इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढुरकं पडतं, पण गाडीच्या पोटाखाली ऊन कितीसं येतं? टवका उडाला तर पॉलिश पेपर मारा, थिनरने पुसा, ब्रशने लावा, झालं. एक मात्र कडक सूचना : पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि धुळीचा साधा मास्क तिथे उपयोगाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरी स्प्रे गन हातात घेऊ नका. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत ब्रशने लावा. चाकाखाली वाकून ब्रशच्या रेषा कोण मोजतंय!

आता खरं काम. रंगाचा डबा उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो.

पहिल्यांदा ग्रीस काढा, मग सँडब्लास्टिंग. क्रम उलटा केलात तर वाळू ग्रीस धातूत ठोकून बसवते. ब्लास्टिंगवाल्याला 'एसए अडीच' (Sa 2½, सफाईची प्रत) म्हणून सांगा, त्याला कळेल : जवळजवळ पांढरा धातू, गंजाच्या पुसट छटा सोडल्या तर काही नाही. खडबडीतपणा 40 ते 75 मायक्रॉनच्या आसपास हवा. त्यानंतर उघड्या हातांनी भाग धरू नका आणि त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, प्रायमर मारा. गंज काळा करणारं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन वाळवा. उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी नीट पकडत नाही.

बहुतेक जण विसरतात त्या कडा. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. गंज नेमका तिथूनच सुरू होतो. कानसीने धार मोडून गोलाई द्या. मग स्प्रे असो वा रोलर, आधी कडा आणि वेल्डिंगच्या शिवणी ब्रशने एकदा रंगवून घ्या आणि नंतरच पूर्ण हात मारा. या एका अर्ध्या तासाने जेवढं आयुष्य वाढतं, तेवढं महागड्या डब्याने वाढत नाही.

आणि कुठे रंग लावायचा नाही, तेही बघा. बॉल जॉइंटच्या टेपरची (निमुळत्या दांड्याची) बैठक, बुश दाबून बसतात ती भोकं, बोल्टच्या डोक्याखालचे आणि एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग : हे सगळं रंगापासून झाकून (मास्क करून) ठेवायचं. 80 मायक्रॉनचा थर भोकाच्या दोन्ही बाजूंनी बसला की व्यास 0.16 मिलीमीटरने कमी होतो. दाबून घट्ट बसवायच्या (प्रेस फिट) भागात हा फरक लहान नाही. बोल्टखालचा जाड थर तर काही दिवसांत चेपतो आणि टॉर्क लावून घट्ट केलेला बोल्ट आपोआप सैल होतो. कोटिंगवाल्यांकडून टेपरसकट रंगवलेले आर्म परत आलेले मी पाहिले आहेत. भाग देताना चिठ्ठी लावा, तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

रंग कोणता? सगळे काळा मारतात. मी फिकट राखाडी मारतो. भेग, गंजाचा डाग, शॉक ॲब्सॉर्बरमधून पाझरणारं तेल, सगळं टॉर्चच्या उजेडात लगेच दिसतं.

प्रश्न : याच कामात कॉइल स्प्रिंगला झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) करून घेऊ का? नट-बोल्ट देतोच आहे.

उत्तर : नको. स्प्रिंगचं पोलाद फार ताकदीचं असतं. प्लेटिंगच्या आधीच्या ॲसिडमध्ये आणि प्लेटिंग होताना त्यात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होतं आणि भाराखाली कुठलीही पूर्वसूचना न देता तुटतं. जास्त ताकदीच्या बोल्टांनाही हाच धोका आहे. ते नवेच घ्या. स्प्रिंगवर ग्राइंडर तर अजिबात चालवू नका, एक ओरखडाही भेगेची सुरुवात ठरू शकतो. वायरब्रशने साफ करा आणि लवचीक रंग लावा, कारण स्प्रिंग सतत पिळवटते आणि कडक थर तडकतो. खालचं शेवटचं वेटोळं बैठकीत चिखल धरून ठेवतं, तिथे जास्त लक्ष द्या. गंजाने खड्डे पडले असतील तर रंगाचा विचार सोडा, स्प्रिंग बदला.

प्रश्न : सगळ्यावर रबरी अंडरकोट मारला तर?

उत्तर : गंजावर मारलात तर गंज झाकला जातो, थांबत नाही. रबर सुकून कडेने सुटतं आणि मागे पाणी साचतं. त्यापेक्षा रंग वाळल्यावर पोकळ आर्म आणि सबफ्रेमच्या आत पातळ मेणाचा स्प्रे लांब नळीने मारा. हे भाग आतूनही सडतात. पाणी निचऱ्याची भोकं रंगाने किंवा मेणाने बुजली असतील तर ड्रिल बिट हाताने फिरवून मोकळी करा, आणि उघड्या पडलेल्या काठावर प्रायमरचं बोट फिरवा.