सही करण्याआधी

तुमच्या पत्रात वाचलं: वरिष्ठांकडून ग्रुपवर सगळ्यांसमोर अपमान, रात्री-अपरात्री फोन, राजीनाम्याचं नाव काढलं की 'रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही' ही धमकी. हे सगळं वाईटच. पण तुमच्यासारख्या, कंपनीने सोसायटीवर नेमलेल्या प्रॉपर्टी मॅनेजरसाठी खरी धोक्याची ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली ओळ: 'एरिया मॅनेजर सांगतील तिथे सही करतो.' आरडाओरडा नोकरी सुटली की संपतो, सही मात्र फाईलमध्ये राहते.

नेहमीचा प्रकार मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचा. करारात गार्डच्या १२ पोस्ट, गेटवर माणसं १०, आणि गावी गेलेल्यांची हजेरी भरलेली. कमिटीने सीसीटीव्हीशी ताळा घेतला की कंपनी 'मॅनेजरनेच परस्पर केलं' म्हणून मोकळी. म्हणून पाळी बदलताच रिकाम्या पोस्टचा ईमेल ऑपरेशन्सला टाका: तारीख, पाळी, पोस्ट, कोण आलं नाही, रिलीव्हर (बदली माणूस) कधी मागितला. विशेषणं नकोत. तोंडी हुकूम आला तरी तेच: 'फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक करायचं आहे, कृपया कळवा.' बऱ्याचदा उत्तर येतच नाही आणि तो हुकूमही पुन्हा निघत नाही.

अग्निशमनाचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो आणि तो परवानाधारक एजन्सीने द्यायचा असतो. लाइन गळते म्हणून तिच्यातला दाब टिकवणारा जॉकी पंप सतत चालू-बंद होतो, मग पॅनेल 'मॅन्युअल'वर टाकून ठेवतात. अशा स्थितीत आग लागली तर पंप आपोआप सुरू होत नाही. त्या दिवशी तुमच्या चेकलिस्टवर 'ओके' असू नये.

एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरणाच्या) टाकीत हाऊसकीपिंगच्या मुलाला उतरवायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा, नोकरी गेली तरी. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत साचलेल्या वायूने माणूस ओरडायच्या आत पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

पगाराच्या स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो म्हणून तो भरला असं समजू नका. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर उमंग ॲपवर पासबुक बघा. नोंद नसेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका. एचआरच्या दहा फोनांपेक्षा हे लवकर हलतं.

पुरावे जमवताना रहिवाशांची यादी, व्हिजिटर डेटा, कमिटीचे करार स्वतःच्या मेलवर पाठवू नका. कंपनीला डेटाचोरीचं आयतं निमित्त मिळतं. नेमणूकपत्र, स्लिपा आणि स्वतःचा पत्रव्यवहार पुरतो.

राजीनामा व्हॉट्सॲपवर नको, ईमेलने द्या. नेमणूकपत्रातल्या नोटीसप्रमाणे शेवटची तारीख त्यातच लिहा. पीएफवर 'एक्झिट'ची (नोकरी सोडल्याची) तारीख त्यांनी टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःलाही टाकता येते. आणि जाताना किल्ल्या, डीजीचं (जनरेटरचं) तासांचं रीडिंग, डिझेलचा साठा, पेटी कॅश, प्रलंबित तक्रारी यांची एका पानाची यादी करा आणि तिच्यावर चार्ज घेणाऱ्याची सही आणि तारीख घ्या. तो सही करत नसेल तर यादीचा फोटो एचआर आणि सेक्रेटरी दोघांनाही त्याच दिवशी मेल करा.