मार्केट्रीसाठी घरी करवत बनवताना: जुळवणीची सोय आधी, बाकी सगळं नंतर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हातातल्या फ्रेटसॉने (बारीक पात्याच्या करवतीने) व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्यांची, थप्पी कापताय, एका थरातला तुकडा दुसऱ्या थराच्या भोकात नीट बसत नाही, पाती सारखी तुटतात, म्हणून मार्केट्रीसाठी (व्हिनियरचे तुकडे जुळवून चित्र किंवा नक्षी बनवण्यासाठी) वेगळी करवत घरीच बनवायची आहे. कोणत्या प्रकारची बनवावी आणि वापरावी कशी?

जरूर बनवा. पातं आडवं चालणारी, दांड्यावर सरकणारी करवत बनवा. फ्रान्समध्ये १८व्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेल्या ‘शव्हाले’च्या धर्तीवरची. तिच्यात थप्पी दोन फळ्यांच्या जबड्यात उभी धरलेली असते, कारागीर समोर बसतो, पायाने जबडा आवळतो, एका हाताने करवत पुढेमागे करतो आणि दुसऱ्या हाताने थप्पी फिरवतो.

तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. हातातल्या करवतीत पात्याची दिशा मनगटावर अवलंबून असते, आणि मनगट कितीही तयार झालं तरी सरळ रेषेत चालत नाही. थप्पी ६ मिमी जाड असेल आणि पातं फक्त १ अंश कललं, तर पहिल्या आणि शेवटच्या थरात ०.१ मिमी फरक पडतो. थप्पी फिरवत गोल तुकडा कापला तर तो शंकूसारखा निमुळता होतो आणि व्यासात ०.२ मिमी फरक येतो. २/० नंबरच्या पात्याची जाडीच ०.२६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे चूक जवळजवळ कापाच्या रुंदीला जाऊन भिडली. कललेलं पातं कापात एका बाजूला घासतं, वाकतं आणि तुटतं. म्हणून पात्याची दिशा हातावर न सोडता यंत्रावर सोपवायची.

जबडा सोपा आहे. दोन जाड फळ्या, एक पक्की, दुसरी खालून बिजागरीवर. वरची टोकं निमुळती ठेवा, म्हणजे थप्पी फिरवताना बोटं अडकत नाहीत. टोकांना आतून पातळ चामडं चिकटवा. पॅडलने मिटावा आणि पाय उचलला की स्प्रिंगने दोन-तीन मिमी उघडावा, एवढंच हवं. बसल्यावर कोपर काटकोनात आणि हात आडवा असताना मूठ जिथे येते, तिथे पात्याची उंची ठेवा. वेगळी बैठक बनवायला जागा नसेल तर हाच जबडा टेबलाला घट्ट बांधता येतो; कामात फार फरक पडत नाही.

खरी गंमत करवत टांगायच्या हातात आहे. करवतीची चौकट एका पोलादी दांड्याला जोडायची. हा दांडा दोन बुशांमधून (धातूच्या आखूड नळ्यांमधून) सरकतो आणि त्यांच्यातच स्वतःभोवती फिरतोही. ते दोन्ही बुश उभ्या खांबाला जोडलेल्या एका झुलत्या हातावर बसवायचे, आणि तो हात ज्या कण्याभोवती झुलतो तो दांड्याला समांतर ठेवायचा. दोन समांतर अक्ष मिळाले की पातं वर-खाली, डावी-उजवीकडे हवं तिथे जातं, पण त्याची दिशा बदलत नाही. सगळं यंत्र या एका कल्पनेवर उभं आहे. १२ मिमीचा गुळगुळीत दांडा आणि पितळी बुश घ्या, दोन बुशांमध्ये निदान २०० मिमी अंतर ठेवा. बॉलवाले लिनिअर बेअरिंग पाहून मोह होतो, पण ते फक्त सरकण्यासाठी असतात, फिरण्यासाठी नाहीत. इथे दोन्ही हालचाली लागतात. दांड्याला तेल लावू नका, त्यावर भुसा चिकटतो आणि व्हिनियरला डाग पडतात. मेण पुरे. चौकटीचं वजन तुमच्या हातावर येऊ नये म्हणून वरून एक मऊ स्प्रिंग लावा.

चौकट हलकी आणि कडक, दोन्ही हवी. सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड घ्या. लाकूड जाड करण्यापेक्षा पात्याचा ताण ज्या दिशेने येतो त्या दिशेने त्याची खोली वाढवा. खोली दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. भुजा टोकाकडे निमुळत्या करा, कारण वजन तिथेच जास्त जाणवतं. घशाची खोली (पात्यापासून चौकटीच्या मागच्या भागापर्यंतचं अंतर) ४५० मिमीच्या आसपास ठेवली तर बऱ्यापैकी मोठं चित्र फिरवता येतं. पात्याची पकड ८ मिमीच्या बोल्टमध्येच करता येते: टोकाला बारीक चीर, आडवा स्क्रू आणि त्यात पातं. पातं साधारण १३० मिमी लांब असतं. चौकट हाताने किंचित दाबून धरायची, पातं आवळायचं आणि मग चौकट सोडायची. छेडल्यावर स्वच्छ टणत्कार यायला हवा.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट. या यंत्रात कुठलंही माप फार काटेकोर असावं लागत नाही, पण जुळवणीची सोय मात्र प्रत्येक ठिकाणी लागते. पात्याच्या एका पकडीला लांबट भोक, चौकट दांड्याला जोडतो तिथे लांबट भोक, झुलता हात खांबाला बसतो तिथेही लांबट भोकांचे बोल्ट. ही सोय आधी केली नाही तर नंतर पाचरी मारत बसावं लागतं.

जुळवणी दोन टप्प्यांत करायची, आणि क्रम उलटा करू नका. आधी पातं दांड्याला समांतर आणायचं. जबड्यावर एक सुई अशी टोचा की तिचं टोक पात्याला जेमतेम लागेल न लागेल. करवत पूर्ण पुढेमागे सरकवा. टोक आणि पातं यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे, वरून बघितलं तरी आणि बाजूने बघितलं तरी. ते बदलत असेल तर पातं प्रत्येक फेरीत आडवं सरकतंय, काप रुंद होतोय. मग दुसरा टप्पा: दांड्याची दिशा जबड्याच्या तोंडाला काटकोनात. १० ते १२ मिमी जाडीचा मऊ लाकडाचा तुकडा जबड्यात धरा आणि तो न फिरवता एक उभा काप घ्या, एक आडवा. दोन्ही कडांना गुण्या लावा. उभ्या कापात कल दिसला तर झुलता हात डावी-उजवीकडे वळवायचा, आडव्या कापात दिसला तर वर-खाली. लाकूड हवेबरोबर फुगतं-आकसतं, म्हणून प्रत्येक मोठ्या कामाआधी ही चाचणी करा. मी ती कधीच टाळत नाही.

थप्पी बांधणं हे अर्धं कौशल्य आहे. मागे ३ मिमीचा स्वस्त प्लाय, मग चरबी किंवा मेण मुरवलेला कागद, मग व्हिनियरचे थर, पुढे पातळ प्लाय आणि वर नक्षीचा कागद. कडांना बारीक खिळे किंवा टेप. तो चरबीचा कागद गाळू नका. पात्याला वंगण तिथूनच मिळतं.

थप्पी कापून थरांची अदलाबदल करण्याची पद्धत आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या फ्रेंच कारागिराच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या कार्यशाळेत पितळ आणि कासवाचं कवच अशीच एकत्र कापली जात. या पद्धतीत कापाएवढी फट राहतेच. ती नको असेल तर प्रत्येक तुकडा आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थप्पीतून कापतात. तिथे नियम असा: तुकडा कापताना पातं रेघेच्या बाहेरून चालवायचं, रेघ तुकड्यावर राहते, पार्श्वभूमी कापताना रेघ पात्याने खाऊन टाकायची, पण तिच्या बाहेर जायचं नाही. तसं केलं की दोन्ही कडा रेघेच्या बाहेरच्या सीमेवर येतात. ही पद्धत काटकोनात चालणाऱ्या करवतीशिवाय जमत नाही, आणि माझ्या मते ही करवत बनवण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

तिरक्या कापाने फट बुजवायची पद्धतही आहे. तिला ही करवत लागत नाही, हाताची करवत आणि कललेलं टेबल पुरतं. कोनाचा साइन म्हणजे पात्याची जाडी भागिले व्हिनियरची जाडी: ०.९ मिमी व्हिनियर आणि ०.२२ मिमी पातं (४/०) असेल तर १४ अंश. मात्र एका वेळी एकच प्रत निघते.

करवत चालवताना रेटू नका. लांब, संथ फेऱ्या घ्या, पात्याची पूर्ण लांबी वापरा. टोकदार वळणावर पुढे सरकणं थांबवायचं, पण करवत चालूच ठेवायची आणि थप्पी पात्याभोवती हळूहळू फिरवायची. वळवताना करवत थांबली की पातं पिळवटतं आणि तुटतं. जाड थप्पीला २/०, बारीक कामाला ४/०. बोथट पातं जपून ठेवू नका. ते कापत नाही म्हणून हात जोर लावतो आणि रेघ सुटते. नक्षीतले सर्वांत लहान, आतले तुकडे आधी कापा, म्हणजे भोवतालचा भाग शाबूत असेपर्यंत थप्पी घट्ट राहते. निघालेला प्रत्येक संच लगेच क्रमांक टाकून ताटलीत मांडा.

मोटरवाली स्क्रोल सॉ घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. टेबल काटकोनात लावलं तर तीही चांगलं कापते. पण नखाएवढे तुकडे टेबलाच्या भोकातून खाली पडतात किंवा पात्याबरोबर उडतात. आडव्या करवतीत कापलेला तुकडा जबड्यातच राहतो आणि वेग तुमच्या हातात असतो. बारीक पानाफुलांचं काम करायचं असेल तर मी हीच निवडेन.

चौकट आणि झुलता हात जोडून झाले की मऊ लाकडावरच्या चाचणीचे दोन्ही काप गुण्या लावून फोटोत दाखवा. कल कुठल्या कडेला आहे ते दिसलं की कुठला बोल्ट किती सरकवायचा ते सांगते.