मधुमेहामुळे डॉक्टरांनी सुंता सांगितली आहे. हिंदू माणसाने ती करून घ्यावी का, आणि रजा किती लागते?

डॉक्टरांनी तपासून सांगितले असेल तर करून घ्यावी. धर्म मध्ये आणू नये.

मी नाशिकचा, आणि मीही मधुमेही. लघवीतून साखर जाऊ लागली की शिश्नाच्या टोकावरच्या कातडीखाली (सुंतेत हीच कातडी काढतात) बुरशी धरते, बारीक चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी आखडत जाते. माझ्या बाबतीत कडेला पांढरट, कडक वळे तयार झाले होते आणि लघवीच्या वेळी कातडी फुग्यासारखी फुगत असे. मलमे झाली, साखर आटोक्यात आली, तरी ते वळे सैल होईना. शस्त्रक्रियेचे नाव काढताच थोरले बंधू कडाडले, "आपल्यात हे करीत नाहीत, उद्या पंचवटीत तोंड कसे दाखवशील?" (जणू रामकुंडावर कोणी तपासणीला बसलेले असते!) आयुर्वेदात शस्त्राविना उपाय आहे, हेही त्यांनी सुनावले.

आता आयुर्वेदच काढला आहे तर सांगतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात 'निरुद्धप्रकश' म्हणून हा विकार आहे. लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची, दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून आत घालावी, दर तीन दिवसांनी अधिक जाड घ्यावी, अथवा शिवण (शिश्नाच्या खालच्या बाजूची मधली रेघ) सोडून छेद द्यावा, असे तेथे सांगितले आहे. संपूर्ण कातडी काढणे त्यात नाही, हे मान्य. परंतु शस्त्राचे वावडे सुश्रुतांना नव्हते, आमच्या बंधूंना होते. त्यांनी याची तुलना मुलींच्या खतन्याशीही केली. मुलींच्या खतन्याने आरोग्याला कोणताही लाभ नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलेले असताना ती तुलना निव्वळ आडमुठेपणाची होती.

रजेचे म्हणाल तर, जागेपुरती भूल असल्यास बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात, टाके विरघळतात आणि बैठे काम काही दिवसांत सुरू करता येते. शरीरसंबंध मात्र चार ते सहा आठवडे टाळावेत. साखर चढी असेल तर जखम रेंगाळते.

हे सारे कातडी व्रणाने आखडलेल्या प्रौढांपुरते आहे. लहान मुलांची कातडी मागे न जाणे बहुधा नैसर्गिकच असते, आणि व्रण नसलेल्या तरुणांना अनेकदा स्टिरॉइडचे मलम पुरते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगा, कारण तिने बुरशीचा त्रास वाढतो; पण मनाने बंद करू नका. मागे गेलेली कातडी पुढे येत नसेल आणि टोक सुजले असेल, तर रजेचा अर्ज नंतर द्या, आधी तातडीच्या विभागात जा.